हा रोगी कोणाचा?

वाचकहो, इस्पितळात ज्यांनी आयुष्य काढले त्यांच्या कानांवर एक वाक्य इतक्या वेळा पडलेले असते की पुढेपुढे ते ऐकूही येईनासे होते. ते वाक्य असे: "हा आमचा रोगी नाही." ते बोलणारा माणूस दुष्ट असतो असे मुळीच नाही. बहुधा तो थकलेला असतो, चार ठिकाणांहून त्याला बोलावणे आलेले असते, आणि तो म्हणतो ते कागदोपत्री खरेही असते. सर्जिकल वॉर्डात खाट मिळालेला कॅन्सरचा रोगी हा सर्जनांच्या मते कॅन्सरतज्ज्ञांचा. कॅन्सरतज्ज्ञांना विचारावे तर ते म्हणतात, सध्या तो सर्जनांच्या ताब्यात आहे. दोन्ही उत्तरे बरोबर, आणि मधल्यामध्ये माणूस खाटेवर पडून आहे.

हा व्यवस्थेचा प्रश्न आहे असे सर्वजण म्हणतात. आम्हांला तो नीतीचा वाटतो, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. आमची शाळा मुंबईत झाली, नर्सिंग इथे इस्राएलमध्ये शिकलो, आणि नोकरीची बहुतेक वर्षे साध्या वॉर्डांत गेली. 'पनिमीत', म्हणजे जनरल मेडिसिनमध्ये, आणि काही काळ सर्जिकलमध्ये. कॅन्सरच्या खास वॉर्डात आम्ही कधी नेमणुकीवर नव्हतो. तेव्हा हे लिहिणे तज्ज्ञांचे नव्हे. तज्ज्ञ नसलेल्यांच्या हाती जो रोगी येतो, त्याच्याविषयीचे आहे.

कॅन्सर झाला की माणूस कॅन्सरच्या इस्पितळात जातो, अशी आपल्या लोकांत एक पक्की समजूत आहे. ती आपण मुंबईहून सामानाबरोबर आणली. मेहरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या, पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले, आणि त्यांच्या ट्रस्टाने उभारलेले परळचे टाटा मेमोरियल इस्पितळ १९४१ साली उघडले. पुढे मुंबईत 'त्याला टाटाला नेले' एवढे म्हटले की पुरे होई. रोगाचे नाव घ्यावे लागत नसे, इमारतीचे नाव घेतले की ऐकणारा गप्प बसे. इथे हिब्रूतही लोक 'हा-महला', म्हणजे 'तो आजार', एवढेच म्हणतात. नाव टाळण्याच्या बाबतीत दोन्ही भाषांचे उत्तम जमते.

वास्तविक आज कॅन्सरच्या उपचारांपैकी पुष्कळसा भाग रात्रीच्या खाटेवर होतच नाही. केमोथेरपीसाठी 'इश्पुज योम' असते. सकाळी जावे, खुर्चीत बसून हातात सुई लावून घ्यावी, दुपारी किंवा संध्याकाळी घरी यावे. तिथल्या नर्सेस नावाने हाक मारतात, नातवंडांची चौकशी करतात. हे सर्व चांगले आहे. पण दुखणे काही सकाळी आठ ते चार एवढ्यातच वाढत नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, आणि नेमका त्याच आठवड्यात, शब्बाथच्या रात्री, ताप चढतो. इश्पुज योमला कुलूप असते. मग 'मियुन', म्हणजे अपघात विभाग, आणि तिथून जिथे खाट रिकामी असेल तो वॉर्ड. आतडे अडले तर सर्जिकल. रोग हाडात उतरून मांडीचे हाड मोडले तर ऑर्थोपेडिक. छातीत पाणी झाले, रक्तातले कॅल्शियम वाढून माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला, तर पनिमीत. शिवाय कित्येकांना आपल्याला कॅन्सर आहे हे पहिल्यांदा कळते तेच मुळी साध्या वॉर्डात, ज्या दिवशी ते पोटदुखी किंवा न्यूमोनिया म्हणून दाखल झालेले असतात.

म्हणजे ज्या रात्री माणूस सर्वांत जास्त घाबरलेला असतो, नेमक्या त्या रात्री तो त्याला ओळखणाऱ्यांच्या हाती नसतो. त्यातून हिवाळा असला तर पनिमीत ओसंडून वाहत असते, आणि खाटा 'प्रोज्दोर'मध्ये, म्हणजे बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये लागतात. हे दर वर्षी वर्तमानपत्रांत छापून येते, दर वर्षी लोक हळहळतात, आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा छापून येते.

साध्या वॉर्डात नेमके काय चुकते, हे बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही. दुर्लक्ष होते असे म्हणणे सोपे आहे. आम्ही जे पाहिले ते दुर्लक्षाहून निराळे आहे. प्रत्येक वॉर्डाला स्वतःची एक नजर असते. तो वॉर्ड ज्या दुखण्यासाठी बांधलेला असतो त्या दुखण्याची नजर. सर्जिकल वॉर्डाने वेदना म्हणून जी पाहिलेली असते ती ऑपरेशननंतरची. ती पहिल्या दिवशी सर्वांत जास्त, दुसऱ्या दिवशी कमी, पाचव्या दिवशी रोगी चालू लागतो. म्हणून तिथले डॉक्टर आणि नर्सेस चांगल्या मनाने रोज औषध थोडे थोडे कमी करतात. कॅन्सरच्या वेदनेची चाल उलटी असू शकते. ती दिवसेंदिवस चढते. एकाच खाटेवर एकाच औषधाचा कमी होत जाणारा आलेख आणि वाढत जाणारी वेदना समोरासमोर येतात, आणि वॉर्डाला वाटते हा रोगी कुरकुऱ्या आहे.

तापाचेही तेच. पनिमीतमध्ये ३९.५ ताप, ठसकेबाज खोकला, पिवळा बेडका असे चार रोगी असतात. त्यांच्या शेजारी केमोचा रोगी येतो, ताप ३८.१, खोकला नाही, लघवी स्वच्छ, बसून चहा पितो आहे. नवशिक्या नजरेला तो सर्वांत बरा दिसतो. पण पू व्हायला पांढऱ्या पेशी लागतात आणि त्याच त्याच्याजवळ नाहीत. म्हणून जंतू रक्तात शिरले तरी अंगावर खूण उमटत नाही. अशा रोग्याला पहिल्या तासाभरात ॲन्टिबायोटिक जावे असा नियम आहे, आणि तो नियम साध्या वॉर्डांनीही आता पाठ केला आहे हे सांगितले पाहिजे. आमच्या सुरुवातीच्या वर्षांत तसे नव्हते.

वेदनेच्या बाबतीत १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने एक साधी शिस्त सांगितली: शक्य तोवर औषध तोंडाने द्यावे, आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, वेदना पुन्हा उठण्याची वाट पाहू नये. ही शिस्त कॅन्सरच्या वॉर्डात अंगवळणी पडली. साध्या वॉर्डात 'मागितले तर द्यावे' हा रिवाज पुष्कळ काळ टिकून राहिला. आणि इथे आपल्या लोकांचा स्वभाव आडवा येतो. आपली माणसे मागत नाहीत. शेजारचा रोगी घंटा वाजवून वाजवून सबंध वॉर्ड डोक्यावर घेतो. आपले काका मात्र दातांत पदराचा बोळा धरावा तसे ओठ आवळून पडलेले. विचारले तर म्हणतात, "सिस्टरला किती काम असते, दिसते मला." मॉर्फीन कुलुपातल्या कपाटात असते. ज्याने घंटा वाजवली त्याच्यासाठी कुलूप उघडते. घंटा न वाजवणाऱ्याची वेदना मोजायची कोणी, हा प्रश्न आम्हांला शिकवणाऱ्यांनी कधी विचारला नव्हता. तो आम्ही आपल्याच माणसांकडून शिकलो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जो रोगी माझ्या विद्येचा नाही, तो माझा आहे काय?

एक बाजू अशी, आणि ती नुसती पळवाट नव्हे. ज्याला जे येत नाही ते त्याने करू नये, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. केमोची बाटली ज्याने शिकलेली नाही त्याने ती लावू नये. एखाद्या रोग्याला पाठीत दुखू लागले, पायांतला जोर कमी झाला, तर मणक्यातल्या रज्जूवर दाब येत असेल. अशा वेळी कॅन्सरतज्ज्ञाला बोलावण्यास तास-दोन तास उशीर झाला तरी माणूस जन्माचा अपंग होऊ शकतो. तिथे 'मी सांभाळून घेतो' म्हणणारा डॉक्टर घातकी. 'हा माझा नाही' म्हणून ताबडतोब फोन उचलणारा डॉक्टरच खरा नीतिमान. आम्ही अशा डॉक्टरांचे उपकार मानतो.

पण त्याच वाक्याचा दुसरा एक उपयोग आहे, आणि तो जास्त वेळा होतो. 'हा आमचा नाही' असे म्हणून फोन उचलला जात नाही, खुर्चीही ओढली जात नाही. राऊंडमध्ये त्या खाटेपाशी मंडळी कमी वेळ थांबतात. 'उद्या ऑन्कोलॉजीवाले येऊन बोलतील,' असे सांगून पुढे जातात. उद्या कधी येतो, कधी येत नाही. या वाक्यात ज्ञान आणि मालकी यांची गल्लत झाली आहे असे आम्हांला वाटते. ज्ञान वाटून घेता येते, तज्ज्ञाकडून मागवता येते. पण या क्षणी खाटेवर जो आहे त्याची जबाबदारी मागवता येत नाही. ती ज्याच्या हाताशी आहे त्याचीच असते. तोंड कोरडे पडले आहे ते ओले करायला, कुशीवर वळवायला, 'तुम्हांला मी काल विचारले होते, अजून उत्तर आणले नाही, विसरले नाही,' एवढे सांगायला कॅन्सरचे शिक्षण लागत नाही. रोग्याला जे लागते त्यातले बरेच असेच असते. किती, याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही, पण रात्रपाळीत ते प्रमाण वाढते हे नक्की.

याच संदर्भात लंडनची एक हकीकत आपल्या वाचकांना ठाऊक असावी. १९४८ साली तिथल्या एका इस्पितळाच्या गजबजलेल्या सर्जिकल वॉर्डात डेव्हिड तास्मा नावाचा सुमारे चाळीस वर्षांचा यहुदी गृहस्थ कॅन्सरने मरणाच्या वाटेवर होता. वॉर्सॉहून आलेला निर्वासित, हॉटेलात वेटरचे काम करणारा, जवळचे कोणी नाही. ऑपरेशनचा उपयोग नव्हता, म्हणजे वॉर्डाच्या दृष्टीने त्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याला भेटायला सिसिली सॉन्डर्स येत. त्या आधी नर्स होत्या, पण पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून इस्पितळाच्या समाजसेविका झाल्या होत्या. सुमारे दोन महिने त्या येत राहिल्या. अशा माणसांसाठी निराळी जागा असावी, जिथे वेदना थांबवायची विद्याही असेल आणि बसायला वेळही असेल, हे बोलणे त्या दोघांमध्ये त्या खाटेपाशी झाले. तास्माने मरताना त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवले, त्या घराची एक खिडकी आपण होऊ असे सांगून. बाई पुढे डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. खिडकी आहे. तिथून हा विचार जगभर गेला. आपल्या देशात तेल हाशोमेरला १९८३ साली हॉस्पिस सुरू झाले, मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली.

ही हकीकत हॉस्पिसच्या सभांत नेहमी सांगतात, आणि ती तिथे कशी थांबते हे पाहून आम्हांला थोडा राग येतो. निराळे घर झाले, छान झाले. पण तास्मा ज्या वॉर्डात होता तो वॉर्ड अजून आहे. त्या वॉर्डासारखे हजारो वॉर्ड आहेत, आणि तिथे आजही कोणीतरी तास्मा आहे. निराळे घर झाल्यामुळे त्या वॉर्डांना एक नवे वाक्य मिळाले: 'याची जागा इथे नाही.' जी गोष्ट साध्या वॉर्डात एका तज्ज्ञ नसलेल्या बाईने खुर्ची ओढून बसण्यातून जन्मली, तिचाच आधार घेऊन खुर्ची काढून घेतली जाते. सॉन्डर्सबाईंना हे नको असणार. हॉस्पिसमध्ये शिकलेले इस्पितळांत परत जावे, असेच त्या सांगत.

आमच्या एका जुन्या सहकारी नर्सने यावर आम्हांला खोडून काढले होते, आणि ते बोलणे न लिहिणे अप्रामाणिक होईल. ती म्हणाली, "तुम्ही कॅन्सरच्या रोग्यासाठी खुर्ची मागता. शेजारच्या खाटेवरच्या आजीचे काय? तिचे हृदय थकले आहे, फुप्फुसांत पाणी भरते, रात्रभर उशाला टेकून बसते. ती या वर्षी चौथ्यांदा आली आहे आणि तीही मरणार आहे. तिच्यासाठी ना निराळा वॉर्ड, ना रिबिनी, ना देणग्या. तिच्या रोगाच्या नावाला कोणी दचकत नाही म्हणून तिने कमी मागावे काय?" रात्री तीन नर्सेस आणि चाळीस रोगी असताना एकापाशी बसलेला अर्धा तास दुसऱ्या कोणाचा तरी घेतलेला असतो. याला आमच्याजवळ गुळगुळीत उत्तर नाही. इतकेच म्हणू शकतो की, कॅन्सरच्या रोग्याचा हक्क रोगाच्या नावावरून आलेला नाही, तो त्या आजीचाही आहे. आणि खास वॉर्ड असण्याचा जर काही फायदा असेल तर तो हा की, माणसाला काय काय मिळू शकते हे तिथे एकदा दिसले. आपल्या क्नेसेतने २००५ साली मरणासन्न रोग्यांविषयीचा जो कायदा केला त्यात रोगाचे नाव नाही. ज्याचे आयुष्य उपचार करूनही सहा महिन्यांहून जास्त उरलेले नाही, तो कोणत्याही रोगाचा असो आणि कोणत्याही वॉर्डात असो, त्याला वेदनाशमन मिळालेच पाहिजे. कायदा सहकारीणबाईंच्या बाजूचा आहे. खुर्च्या मात्र कायद्याने वाढत नाहीत.

आता आपल्या समाजाविषयी थोडे, आणि हे कोणाला बोचले तर क्षमा असावी.

साध्या वॉर्डाची एक गोष्ट आपल्या कुटुंबांना मनापासून आवडते. त्याच्या दारावर ती पाटी नसते. कॅन्सरच्या वॉर्डात नेले की आईला वाचता येते, निदान कोणीतरी वाचून दाखवते. सर्जिकलमध्ये ठेवले तर 'पोटात गाठ होती, काढली' म्हणून भागते. त्यातून आई कोकणातून आलेली, हिब्रू बाजारापुरते. डॉक्टर बोलतो ते मुलगा मराठीत सांगणार. म्हणजे काय सांगायचे आणि काय गाळायचे ते मुलाच्या हाती. आणि वॉर्डात मराठी बोलणारी नर्स असली तर तिला बाजूला घेऊन आधीच सांगितले जाते, "सिस्टर, आईला काही बोलू नका हं." आम्हांला हे किती वेळा सांगितले गेले याची मोजदाद नाही. सांगणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी असे. ते प्रेमच होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

अशा एका मावशी आम्हांला चांगल्या आठवतात. दोन्ही मुलांनी आम्हांला वरीलप्रमाणे सांगितलेले. तिसऱ्या रात्री त्या आम्हांला म्हणाल्या, "बाय, हा वॉर्ड कसला?" आम्ही म्हणालो, "सर्जिकल, मावशी. ऑपरेशनचा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माझ्या मालकांना टाटाला नेले तेव्हा कोणी काही सांगावे लागले नाही. इथे सगळे चांगले आहे, पण कळत काही नाही." त्यांना काय हवे होते? त्यांच्या दोन पाटल्या होत्या, त्या कोणत्या सुनेला द्यायच्या हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगायचे होते. आणि बऱ्या झाल्यावर मलिदा करायचा नवस त्या बोलल्या होत्या, तो बऱ्या होण्याची वाट न पाहता आधी करावा की नाही, हे ठरवायचे होते. या दोन्ही गोष्टी खोटेपणाच्या आड राहून ठरत नाहीत. ज्याला तारीख माहीत नाही तो निरोपाचे सामान कसे बांधणार?

१९९६ सालच्या रुग्णहक्काच्या कायद्याने इथे रोग्याला स्वतःच्या आजाराची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. ती रोखून धरायची तर रोग्याला गंभीर अपाय होईल असे इस्पितळाच्या नैतिक समितीला पटवावे लागते, मुलांच्या इच्छेवर ते चालत नाही. पण रात्री दोन वाजता कायदा उशाशी नसतो. आमचा रिवाज असा होता की खोटे बोलायचे नाही आणि खरे कोंबायचेही नाही. आम्ही मावशींना विचारले, "तुम्हांला किती माहीत करून घ्यायचे आहे?" त्या म्हणाल्या, "पाटल्यांपुरते." याहून नेमके उत्तर आम्ही कोणा शिकलेल्या माणसाकडून ऐकलेले नाही. सकाळी आम्ही डॉक्टरांना सांगितले की त्या विचारत आहेत. डॉक्टर बसले, बोलले, आम्ही शब्दाला शब्द मराठीत सांगितला. मावशी रडल्या नाहीत. त्यांनी डॉक्टरांना हिब्रूत 'तोदा' म्हटले आणि मुलांना बोलावून घ्यायला सांगितले.

थोरल्या मुलाने आम्हांला माफ केले नाही. आईचे शेवटचे दोन महिने तुम्ही काळे केलेत, असे तो म्हणाला. किती तरी सण गेले, सिनेगॉगमध्ये तो आमच्याशी बोलत नाही. त्याचे म्हणणे खोटे ठरवायला आमच्याजवळ साधन नाही, कारण न सांगितलेले दोन महिने कसे गेले असते हे कोणीच पाहिलेले नाही. धाकट्याची बायको दर रोश हशानाला फोन करते. पाटल्या तिच्याकडे नाहीत, म्हणजे त्या कारणाने नव्हे.

आमचे मत विचाराल तर असे. कुटुंबाने रोग्याला खाटेची पाटी न दिसेल असे ठेवणे आणि वॉर्डाने रोग्याला 'आमचा नाही' म्हणणे, या दोन गोष्टी वरून उलट दिसतात. एकीत फार माया, दुसरीत फार कोरडेपणा. पण दोहोंत रोग्याशी त्याच्याच गोष्टीविषयी कोणी बोलत नाही. डॉक्टर म्हणतो तज्ज्ञ बोलतील, तज्ज्ञ म्हणतात घरच्यांना कल्पना दिली आहे, घरचे म्हणतात नको. २०११ साली आरोग्य मंत्रालयाने परिपत्रक काढले की रोग्याला त्याच्या भाषेत समजेल अशी सोय इस्पितळांनी करावी. चांगले केले. त्यातून रशियन, अरबी, अम्हारिक बोलणारी माणसे आली. मराठीसाठी अजूनही बहुधा शोधाशोध होते, 'ती भारतीय सिस्टर आज ड्यूटीवर आहे का?'

भेटीला जाणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. बिकुर होलीम आपण मोठ्या उत्साहाने करतो. एका खाटेभोवती अकरा माणसे, चपात्यांचा डबा, आणि कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची चर्चा. नर्सेस वैतागतात, पण खरे सांगायचे तर त्या गर्दीतल्या रोग्याकडे वॉर्डाचे लक्षही जास्त जाते. कॅन्सर म्हटले की मात्र ही गर्दी पातळ होते. 'त्यांना त्रास नको' म्हणतात. तालमूदात रब्बी अकिवांची गोष्ट आहे: त्यांचा एक शिष्य आजारी पडला, विद्वानांपैकी कोणी त्याच्याकडे गेले नाही. अकिवा गेले, आणि ते आले म्हणून ती खोली झाडली गेली, पाणी शिंपडले गेले, आणि तो बरा झाला. गोष्टीत औषध नाही, विद्वत्तेचे बोलणे नाही, फक्त झाडू आहे. कोणी येणार असेल तर खोली झाडली जाते. आमच्या वॉर्डातही असेच होते. ज्या खाटेपाशी कोणी येऊन बसते, तिथली चादर वेळेवर बदलते.

बसायला जाल तर दोन कामे करता येतील. वेदना किती आहे ते तुम्ही विचारा, आणि काका 'ठीक आहे' म्हणाले तरी त्यांच्या कपाळाकडे पाहून सिस्टरला तुम्ही सांगा. घंटा तुम्ही वाजवा. दुसरे काम कागदाचे. केमो चालू असलेल्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पर्समध्ये एक कागद असावा: शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली, औषधांची नावे आणि प्रमाण, मॉर्फीनचे कितीच्या गोळ्या किती वाजता, कॅन्सरतज्ज्ञाचे नाव आणि वॉर्डाचा फोन, आणि ३८ च्या वर ताप म्हणजे थांबायचे नाही ही सूचना. हल्ली सर्व काही कॉम्प्युटरवर असते म्हणतात, पण रात्री मियुनमध्ये कॉम्प्युटर उघडून वाचण्याआधी कागद वाचला जातो. तो कागद हिब्रूत लिहावा. एक काका असाच कागद घेऊन एकटेच आले होते; सुंदर बाळबोध अक्षर, एकही चूक नाही, सर्व मराठीत. तो वाचू शकणारे त्या इस्पितळात आम्हीच होतो, आणि आमची ड्यूटी सकाळी सात वाजता सुरू व्हायची होती.